चेंबरमधलं पिवळं केळं

मे महिन्यात जळगावात बसून थंडीने गोठून मेलेला माणूस लिहून दाखवावा आणि मग भयकथा सोपी असते असं खुशाल म्हणावं. पंखा लावला तर कागद उडतात, बंद केला तर कोपराखालची शाई घामाने पसरते, आणि कथेतली नायिका मात्र हुडहुडी भरून दातावर दात आपटत उभी! पण इलाज नाही. दिवाळी अंक दिवाळीत निघत असला तरी संपादकांना कथा पावसाळ्याच्या तोंडाशी हातात लागते. त्यामुळे आमच्या घरची भुतं उन्हाळ्यातच जन्माला येतात, बिबड्यांबरोबर. बिबड्या म्हणजे खानदेशातले ज्वारीचे पापड. ज्वारीचा चीक शिजवायचा, गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा आणि गच्चीवर कडकडीत उन्हात वाळवायचा. एका हाताने चीक हलवायचा आणि दुसऱ्या हाताने पोलीस पाटलाचा गळा आवळायचा, हे मी वर्षानुवर्षं करत आले. एकदा चीक करपला, गळा मात्र छान आवळला गेला.

मी शैलजा चौधरी. माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. भय, गूढ, खून, असलं सगळं लिहिते. पहिली कथा छापून आली तेव्हा धुळ्याहून आईचा फोन आला, "शैला, तुन्हं डोकं ठिकाने शे ना?" सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्यांना मी कथा वाचून दाखवली. तीत एक बाई विहिरीत जीव देते आणि मग तिचा आवाज येत राहतो. अक्कांनी तूर निवडता निवडता पूर्ण ऐकली आणि विचारलं, "आन मंग त्या मरेल बाईच्या म्हशीची धार कोन काढे?"

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कथेत, कुणी मेलं की त्याच्या गुराढोरांची, पोरांची, दुकानाच्या किल्लीची सोय लावलेली असते. वाचक म्हणतात, बाईंच्या कथा खऱ्या वाटतात. श्रेय अक्कांच्या म्हशीचं.

लोक नेहमी विचारतात, भीती तयार कशी करतात? फार काही नसतं त्यात. उलट्या पायांच्या हडळीला आता पहिलीतलं पोरही घाबरत नाही. माणूस घाबरतो ते रोजच्या ओळखीच्या वस्तूला. रोज उघडतो ते दार, रोज बसतो ती खुर्ची. तिच्यात एक बारीकशी चूक करून ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं. बाकीचं काम वाचक स्वतःच करतो, तेही फुकट.

दुसरा प्रश्न असतो, एका वेळी इतकं कसं लिहिता? त्याचं खरं उत्तर, गोंधळ घालत. ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगायला बसले आहे, त्या उन्हाळ्यात माझी तीन कामं एकदम चालू होती. एक कादंबरी, पहूरच्या बंद पडलेल्या कापूस जिनिंगमधली, ती चौदाव्या प्रकरणात अडली होती. एक दिवाळी अंकाची कथा. तिच्यात एरंडोलचा एक शिंपी होता, ज्याच्या टेपवर एक गिऱ्हाईक दर वेळी दोन इंच कमी भरतं. आणि तिसरी, एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीतली मालिका, 'सोळा अंश'. तिन्ही वह्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी. कादंबरीत एक वॉचमन होता आणि मालिकेतही एक वॉचमन. मालिकेतल्याला मी सहाव्या भागात मारला आणि नवव्या भागात, वह्यांची गफलत होऊन, तोच फाटकाशी चहा पीत बसलेला दाखवला. छापून आल्यावर मला घाम फुटला. संपादकांचा फोन आला. "ताई, कमाल केलीत! चहाचा कप पाहून अंगावर काटा आला. पत्रांवर पत्रं येताहेत."

"हो, ते ठरवूनच केलं होतं," मी म्हणाले. आज इतक्या वर्षांनी कबूल करते, ठरवलं बिरवलं काही नव्हतं.

ही मालिका केळी पिकवण्याच्या चेंबरवर होती. आमच्याकडची केळी हिरवी असतानाच कापतात. ती पिकवायची तर मोठ्या थंड खोलीत क्रेटमध्ये रचून ठेवतात. आत सोळा-सतरा अंश थंडी असते, दार हवाबंद, वरून एक गॅस सोडतात. चार-पाच दिवसांत सगळा माल सोन्यासारखा पिवळा होतो. धोका एकच. बंद खोलीत केळी श्वास घेत असतात आणि माणसाला लागणारी हवा कमी होत जाते. म्हणून दार उघडण्याआधी पंखा लावून आतली हवा बाहेर काढायची, थोडा वेळ थांबायचं, मगच पाऊल टाकायचं. माझे यजमान वसंतराव हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने मी सावद्याला असं एक चेंबर तासभर पाहून आले होते. बाहेर पडताना फाटकाशी एका ट्रक ड्रायव्हरने सहज सांगितलं, इथे एक मजूर आत मेला होता म्हणतात, पिऊन गेला असेल. मी गाडीत बसल्या बसल्या ते वहीत टिपून घेतलं. परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात मालिका उभी राहिली होती.

वसंतरावांनी कच्चा खर्डा वाचून विचारलं होतं, "पिऊन झोपला हे कशाला? शुद्धीतला माणूससुद्धा अशा खोलीत पडतो."

मी म्हटलं, "अहो, दारुडा मेला की वाचकाला फार वाईट वाटत नाही. पुढे सरकता येतं."

हे वाक्य मी तेव्हा मोठ्या हुशारीने बोलले होते.

मालिकेत तो मेलेला मजूर आतून दार ठोकतो. आणि त्याची एक खूण असते. सगळा माल हिरवागार असताना एकाच फणीत एकच केळं पिवळं दिसलं की समजायचं, आज कुणीतरी आत राहणार. माझी मलाच ही कल्पना इतकी आवडली होती की लिहून झाल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली होती.

तर, एका बुधवारी सकाळी दहाला गच्चीवर बिबड्यांची कापडं पसरलेली, खाली चुलीवर दुसरं पातेलं रटरटतंय आणि माझे दोन्ही हात चिकाने भरलेले असताना दारात एक पन्नाशीचे गृहस्थ आले. कंबरेत वाकलेले, एक हात पाठीवर.

"शैलजाताई आपणच का?"

"मीच."

"सोळा अंशवाल्या?"

वाचक! घरापर्यंत आलेला! मी कोपराने पदर सारखा केला. "हो हो, मीच लिहिते. या, बसा ना."

"बसता येत नाही," ते म्हणाले. "पाठ गेली. दोन दिवस झाले, क्रेट मीच उचलतोय. तुमच्यामुळे."

ते हारूनभाई. मी पाहून आले होते ते चेंबर त्यांचंच, तेव्हा ते बाहेरगावी होते म्हणून भेट झाली नव्हती. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सोमवारी सकाळी मजूर आले, पंखा लावला, हवा सोडली, दार उघडलं. माल अजून हिरवट, आणि पहिल्याच क्रेटमध्ये एक केळं पिवळं. एकाने हाक मारली, दुसऱ्याने पाहिलं आणि सगळे एकदम बाहेर. तेव्हापासून कुणी आत पाऊल टाकायला तयार नाही.

"ताई, अख्ख्या चेंबरमध्ये एखादं केळं आधी पिकणारच! कुठे घासलं, कुठे दबलं की ते पुढे पळतं. केळ्याची जातच तशी आहे."

"मग तसं सांगायचं ना त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, शेठ, तुम्ही म्हणता ते ठीक आहे, पण ताईंनी लिहिलंय."

खरं सांगते, मला त्या माणसाची दया यायला हवी होती. आली, पण जरा उशिरा. आधी जे आलं ते हसू. आयुष्यभर घरातसुद्धा माझा शब्द कुणी असा प्रमाण मानला नव्हता! बत्तीस वर्षांच्या लिखाणाने चेंबरचं दार बंद पाडलं होतं. मी चीक हलवायच्या निमित्ताने आत गेले, तोंडाला पदर लावून मनसोक्त हसले आणि गंभीर चेहरा करून बाहेर आले.

हारूनभाईंचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं. "आता बाकीचा मालही पिवळा पडायला लागलाय. आज निघाला नाही तर उद्या डाग पडतील. परवा फेकावा लागेल. माझं जाऊ द्या. पंधरा घरांच्या चुली त्या दारावर आहेत, ताई. तुमच्या भुताला आवरा."

गुरुवारी दुपारी बारापर्यंत मला पुढचा भाग द्यायचा होता. दिवाळी अंकवाल्यांचा फोन कुठल्याही क्षणी येणार होता. पातेल्यात चीक होता. वसंतरावांनी माझ्या हातातला चाटू काढून घेतला. "जा तू. चीक मी बघतो. हे साधं शास्त्र आहे, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत."

"सावद्याले जाते काय?" आतून अक्कांचा आवाज आला. वय चौऱ्याऐंशी, माहेर सावद्याचं. "मी बी येते. थांब, लुगडं बदलू दे."

अशी आमची वरात निघाली. पुढे ड्रायव्हर आणि पाठीला उशी लावलेले हारूनभाई, मागे अक्का आणि वही घेतलेली मी. गाव सुटतं न सुटतं तोच फोन आला.

"ताई, शिंप्याचं काय झालं?"

"मारतेय," मी म्हणाले. "त्याच टेपने. संध्याकाळपर्यंत आटोपते."

ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. हारूनभाई कळवळले आणि म्हणाले, "गोष्टीतला रे बाबा, गोष्टीतला! चालव."

सावद्याच्या त्या शेडमध्ये बारा-पंधरा माणसं पालथ्या क्रेटवर बसली होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये मुकादम प्रल्हादनाना. साठीचे, अंगाने वाळकुडे, डोक्याला मळका रुमाल. मी आत गेले तशी कुजबूज झाली. एक बाई दुसरीला म्हणाली, "हीच का ती? मले वाटलं मोठ्या कुंकवाची बाई असीन." माझा पदर नीटनेटका पाहून तिची निराशा झालेली दिसली.

मी सगळ्यांना समजावलं की गोष्ट खोटी आहे, माझ्या डोक्यातली आहे.

"ते आमाले मालूम हाये," नाना शांतपणे म्हणाले. "गोष्ट खोटी. पन भ्या खरं वाटतं ना. भूत तुम्ही आनलं, तुम्हीच न्या."

"कसं नेऊ?"

"पुढच्या रविवारी दुसरीकडे पाठवा."

आणि मग तिथे भुताच्या बदलीची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, रावेरला पाठवा. रावेरची सून असलेली एक बाई उठून भांडायला लागली. कुणी म्हणालं, भुसावळ जंक्शनवर सोडा, तिथून ते कुठल्याही गाडीत बसेल. हारूनभाईंनी वाकलेल्या अंगानेच हात वर केला. "समोरच्या व्यापाऱ्याकडे पाठवा की! त्याचं चेंबर माझ्याहून मोठं आहे, मोकळं राहील बिचारं." सगळे खो खो हसले. मी वहीत हे सगळं उतरवून घेत होते. इतकी फुकटची सामग्री मला जन्मात मिळाली नव्हती.

या गडबडीत अक्का कुठे गेल्या हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पाहतो तर त्या चेंबरच्या दाराशी. दार सताड उघडं होतं, पंखा सकाळपासून चालू होता, तेव्हा हवेची भीती नव्हती. अक्का काठी टेकत उंबऱ्याच्या आत गेल्या, पहिल्या क्रेटपाशी वाकल्या आणि ते आधी पिकलेलं पिवळं केळं फणीतून मोडून घेतलं.

"अक्का!" मी ओरडले. बायकांनी तोंडावर हात घेतले.

अक्कांनी केळं सोललं, एक घास घेतला, हिरड्यांनी सावकाश चघळला आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "गोड हाये. पिकेल केयं खायाचं असते, त्याले पाहून पयाचं नसते."

आमच्या पूर्वेकडच्या बोलीत केळ्याला केयं म्हणतात आणि पळायचंला पयाचं. त्या दोन शब्दांनी शेडमध्ये असा हशा पिकला की प्रल्हादनानांचा रुमाल सुटला. दोघं-तिघं उठलेसुद्धा. मला वाटलं, जिंकलो. बत्तीस वर्षांचं साहित्य एका केळ्यात संपलं, पण माल तरी निघणार.

तेवढ्यात उठलेल्यांपैकी एकाने बायकांच्या रांगेकडे पाहिलं आणि तो परत बसला. मग दुसराही. रांगेच्या टोकाला एक पंचेचाळिशीची बाई बसली होती. ती एकटीच हसली नव्हती. डोक्याला घट्ट रुमाल, हात मांडीवर.

"लता उठत नही तवर कोनी उठत नही," नाना म्हणाले.

मी तिच्याजवळ गेले. "बाई, एवढं भ्यायचं कारण नाही हो."

"मी भ्येत नही," ती म्हणाली. आवाज अगदी खालचा. "मले राग आला."

"माझा?"

"तुम्ही लिवलं का तो पिऊन आत झोपला. त्यानं जन्मात दारूले हात लावला नही. माह्या सासूनं रविवारी वाचून घेतलं कोनाकडून. मंग मले इचारे, काय गं, गोकुळ पेत व्हता काय? तूनं सांगितलं नही कधी."

लताबाई त्या मेलेल्या मजुराची बायको होती. गेली आठ वर्षं ती त्याच दारातून आत-बाहेर करत होती. आणि मी जळगावला स्वयंपाकघरात बसून तिच्या नवऱ्याच्या हातात बाटली दिली होती, कारण वाचकाला पुढे सरकायला ते सोपं जात होतं.

मी काही बोलणार तोच प्रल्हादनाना उठले. "तो मह्यासाठी आत गेल्ता," ते म्हणाले. "मी हवा न सोडता शिरलो. घाई व्हती, ट्रक उभा व्हता. दोन पावलांवर पडलो. गोकुळनं तोंडाले ओला गमछा बांधला, आत आला, मले ओढत उंबऱ्यापावतर आनलं. मले बाहेर ढकललं आन तो तढीच बसला. परत उठला नही."

हारूनभाईंनी पाठीवरचा हात काढला. वाकूनच पण नीट सगळ्यांकडे तोंड करून बोलले. "तेव्हा अब्बा धंदा पाहायचे. हवा काढायचा पंखा बिघडून बंद पडला होता. आज नवा बसवू, उद्या बसवू, करत राहिलो. ती चूक आमची. गोकुळची नव्हे, नानांची पण नव्हे."

मी लताबाईंची माफी मागितली. हात जोडून, सगळ्यांसमोर. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माफीचं काय करू मी? रविवारी काय लिवनार ते सांगा."

हा प्रश्न मला कुठल्याही संपादकाने इतका थेट विचारला नव्हता.

मी एक क्रेट पालथा केला, त्यावर वही ठेवली आणि समोर जमिनीवर बसले. "तुम्ही सांगा."

आधी ती संकोचली. मग बोलायला लागली तशी थांबेना. गोकुळ उंच होता, दारातून जाताना मान वाकवायचा. गमछा हिरव्या काठाचा होता. डब्यात ठेचा असला की दोन भाकरी जास्त. मध्येच कुणी काही भर घाली, ती त्याला दुरुस्त करी. मी भराभरा लिहीत होते. शेवटी मी अडले. म्हटलं, "लताबाई, गेल्या दहा रविवारांपासून तो आतून दार ठोकतोय. आता त्या ठोकण्याचं काय करू? वाचकांना काहीतरी सांगावं लागेल."

तिने क्षणभरच विचार केला. "ठोकू द्या. पन तो बाहेर याले नही ठोकत. तो सांगतो, पहिले हवा सोडा, मंग या."

माझं पेन थांबलं. माझ्या धंद्यात याला कलाटणी म्हणतात. ज्याला दहा भाग लोक घाबरले, तोच त्यांना वाचवत होता! बत्तीस वर्षं लिहून मला अशी कलाटणी सुचली नव्हती, आणि ही बाई चवथी शिकलेली. मला एकदम इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडाने मी "वा! वा!" करत होते. लताबाई चपापून नानांकडे पाहायला लागली.

"हिले असंच व्हते," अक्का म्हणाल्या. "गोष्ट जमली का अंगात येते."

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव काय ठेवू? बदलून लिहीन."

"बदलू नका. त्याचंच लिवा. गोकुळ सुपडू."

माझ्या कथांमधली नावं मी नेहमी बदलत आले. त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या माणसाचं खरं नाव लिहिलं, आणि तेही त्याच्या माणसाने अक्षर अन् अक्षर तपासून घेतलं. पानांचे फोटो काढून तिथूनच पुरवणीच्या उपसंपादकाला पाठवले. त्याचा लगेच फोन, "ताई, हे भूत चांगलं कधीपासून झालं?"

"आज सकाळपासून," मी म्हटलं.

लताबाई उठली. तिने दार ओढून बंद केलं, जणू दिवस नव्याने सुरू करायचा होता. पंखा पुन्हा लावायला सांगितला, सगळ्यांना बाजूला उभं केलं. थोड्या वेळाने पुढे झाली, बोटांच्या पेरांनी दारावर तीनदा ठोकलं आणि मोठ्याने म्हणाली, "ओ, हवा सोडली. येतो आम्ही." मग दार उघडून आत गेली. तिच्यामागे नाना, नानांमागे सगळे.

पाच वाजता ट्रक भरून निघाला. हारूनभाई पोत्यांच्या ढिगावर उताणे पडून सूचना देत होते आणि कुणी त्यांचं ऐकत नव्हतं. अक्कांनी माहेरच्या गल्लीतल्या तीन घरी चहा घेतला. मी परतताना गाडीत शिंप्याला मारलं, पण त्या भरात ठरलेला टेप राहूनच गेला आणि कात्री वापरली गेली. संपादकांना तेही ठरवून केल्यासारखं वाटलं. घरी आलो तर वसंतरावांनी चिकात एक गुठळी होऊ दिली नव्हती. एकूण एक बिबडी त्यांनी विज्ञानाच्या आकृतीसारखी गोल थापली होती, आणि पुढचे आठ दिवस शेजारणींना बोलावून दाखवत होते.

रविवारी तो भाग आला. लताबाईंच्या सासूने तो दोनदा वाचून घेतला आणि कात्रण देवघराजवळ लावलं, असं नानांनी फोनवर सांगितलं. चेंबरमध्ये दार ठोकायची रीत पडली. हवा सोडल्याशिवाय ठोकायचं नाही, ठोकल्याशिवाय शिरायचं नाही. हारूनभाई कुरकुरले की दर वेळी थोडा वेळ जातो, पण रीत त्यांनी मोडली नाही. एकदा ते स्वतःच घाईत दाराला हात घालायला गेले तेव्हा बायकांनी त्यांना ओढून बाजूला केलं म्हणे.

मी मात्र घरी बसून जुनी कात्रणं काढली. दारुडा, वेडी, मुका, टाकलेली बाई. सोपं पडावं म्हणून मी ज्यांना मारलं होतं त्यांची रांग लागली. बहुतेक निव्वळ कल्पनेतले होते. दोघं मात्र खऱ्या माणसांवरून घेतलेले होते. त्यांतली एक पहूरची म्हातारी, जिला मी वेडी ठरवलं होतं; तिचं कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्याच्या भावाला भेटायला मी धुळ्याला गेले. त्याने चहा दिला, पंखा लावला, माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आणि त्या कथेबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी उठले तेव्हा फाटकापर्यंत पोचवायला आला.

पुढच्या वर्षी संपादकांनी पुन्हा पुरवणीसाठी मालिका मागितली. आता मी हात राखून लिहायला लागले. कुणाला लागू नये, कुणी ओळखू नये, कुणी मरू नये. भुतं अशी सभ्य केली की ती पाहुण्यांसारखी दारात चपला काढून यायला लागली. संपादकांनी तेही छापलं. तिसऱ्या रविवारनंतर सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सावद्याहून फोन आला. लताबाई.

"ताई, हे काय लिवून राह्यल्या? तीन रविवार झाले, अजून कोनी मरेल नही."

"म्हटलं, उगाच कुणाला त्रास नको."

"आम्ही डब्बा खाता खाता वाचतो. दिवसभर बोलाले काहीतरी लागते ना. भ्या वाटत नही तर मजा काय? बेचव लिवलं तुम्ही."

कौतुकाची पत्रं मला पुष्कळ आली आहेत. पण कुणी इतकं मोकळेपणाने झापल्यावर मला जे उधाण आलं तसं कधी आलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले. "बरं, मग कशाची भीती घालू?"

मागे गलका झाला. पाच-सहा आवाज एकदम. त्यातून नानांचा आवाज वर आला, "शेठचा वजनकाटा सांग! वजनकाट्यावर भूत बसवा म्हना!" सगळी शेड हसायला लागली.

"ताई, ऐकू नका त्यांचं!" लांबून हारूनभाई ओरडले. "काटा बरोबर आहे माझा!"

"शेठ, मग परवानगी देता का?" मी विचारलं. "आता विचारल्याशिवाय मी कुणाचं काही घेत नाही."

लताबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला असावा, कारण श्वास जवळ ऐकू आला. मी पेनचं टोपण काढून वाट पाहत होते.

"बसवा," हारूनभाई शेवटी म्हणाले. "पण ताई, भूत इमानदार ठेवा."